सेल केव्हा बदलावेत?

पेरणी कोणत्या नक्षत्रावर करावी, नवीन घरात पाऊल कोणत्या वारी टाकावं, फार काय, केस कोणत्या वारी कापू नयेत, हे सगळं आपल्याकडे ठरवून ठेवलेलं आहे. पण माणसाचं आयुष्य ज्या प्रश्नांनी खरोखर हैराण होतं त्यांना पंचांगात जागा नाही. पाहुण्याने उठावं केव्हा? उसने पैसे परत मागावेत केव्हा? आणि सेल बदलावेत केव्हा?

शेवटचा प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मलाही वाटायचा. छत्तीस वर्षं मी कल्याणला शाळेत इतिहास शिकवला. अशोकाने कलिंगानंतर शस्त्र केव्हा ठेवलं हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण गेल्या मार्गशीर्षात आमच्या मुरबाडच्या शेतात मी भाच्याबरोबर दोन दिवस एक मशीन घेऊन हिंडलो, आणि सेल केव्हा बदलावेत या प्रश्नावर आमच्या घराण्याचा अर्धा इतिहास टांगलेला आहे, असं लक्षात आलं.

आधी भाषेचा घोळ मिटवतो. आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. तिच्या पोटात जातात ते सेल. ‘बॅटरी गेली’ म्हणजे टॉर्च हरवला, आणि ‘बॅटरी उतरली’ म्हणजे सेल संपत आले. शहरातल्या लोकांनी सेललाच बॅटरी म्हणायला सुरुवात केली आणि टॉर्चला नाव उरलं नाही. मी जुन्या पद्धतीने लिहितो आहे. ज्यांना अडचण वाटेल त्यांनी मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर चौकशी करावी.

आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी. माझ्या लहानपणी तिथे वीज नव्हती. आता गंमत बघा, वीज आमच्या मुलखाला अनोळखी नव्हती. ती डोक्यावरून मुंबईला जायची. १९४२ च्या चळवळीत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तो सिद्धगड आमच्याच तालुक्यातला. म्हणजे विजेवरून आमच्याकडे रक्त सांडलं, पण दिवा लागायला पुढे कित्येक वर्षं जायची होती. तोवर आमची वीज एकच, वाण्याच्या दुकानात मिळणारी, लाल कागदात गुंडाळलेली, नऊच्या आकड्यातून उडी मारणाऱ्या मांजराची. मांजराला नऊ जन्म असतात असं साहेब लोक मानतात. आमचे तात्या सेलला मांजराहून जास्त जन्म घ्यायला लावत.

आमच्या घरात सेलला चार आश्रम होते. पहिला आश्रम बॅटरीत. तिथे त्याने तरुणपणी रात्रीबेरात्री शेतावर जायचं, विंचू दाखवायचा, गोठ्यातल्या म्हशीच्या डोळ्यांवर चमकायचं. प्रकाश पिवळा पडला की त्याची बदली रेडिओत. रेडिओला बॅटरीच्या दिव्याइतकी वीज लागत नाही, म्हणून थकलेला सेल तिथे आणखी महिना-दीड महिना बातम्या ऐकवत असे. पुढे भिंतीवर सेलचं घड्याळ आलं तेव्हा वानप्रस्थाचीही सोय झाली. घड्याळ इतकं अल्पाहारी, की रेडिओने टाकलेला सेल त्यात वर्षभर काटे ढकलत राही. आणि चौथा आश्रम म्हणजे संन्यास. सेल फोडायचा, मधली काळी कांडी आम्हा पोरांना लिहायला, आणि आतली काळी पूड शेणात कालवून ओटी सारवायला. तशी सारवलेली जमीन गुळगुळीत काळीभोर दिसे. आमची ओटी बघून शेजारीण आईला विचारायची, ‘‘नवीन सेल आणले वाटतं?’’

आश्रम बदलण्याची वेळ आली की नाही हे ठरवण्याचा अधिकार तात्यांचा. ते सेल उन्हात ठेवत, अंगठ्याने दाबत, दोन सेलची जागा आपसात बदलत, आणि शेवटी बॅटरीच्या बुडावर एक थाप मारत. आश्चर्य म्हणजे त्यातलं बरंचसं उपयोगी पडे. जस्ताच्या डब्यात नवसागराचा ओला लगदा, मध्ये कार्बनची कांडी आणि भोवती मँगनीजची पूड, अशी सेलची घडण. लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने १८६६ मध्ये त्याचा ओला अवतार केला आणि गासनर नावाच्या जर्मनाने १८८६ मध्ये तो न सांडणारा, कोरडा केला. या सेलची खोड अशी, की सतत कामाला जुंपला तर तो लवकर दमतो, आणि जरा विश्रांती दिली, जरा ऊब दिली, की पुन्हा उठून बसतो. आता हे काही सेललाच लागू नाही. पण त्यामुळेच तो नेमका केव्हा मेला हे ठरवणं कठीण. मेला मेला म्हणावं तर सकाळी पुन्हा मिणमिणतो.

आता १९७० सालच्या आषाढातली गोष्ट. आवणी चालू होती. चिखलात वाकून आई रोपं लावत होती आणि संध्याकाळी घरी आली ती रडवेली. मंगळसूत्राची पोत तुटली होती आणि दोन वाट्यांतली एक वाटी नव्हती. खाचरात पडली असणार.

आजीने जो आकांत मांडला तो अजून माझ्या कानात आहे, आणि माझ्या कानांची हल्लीची परिस्थिती बघता ही मोठीच गोष्ट आहे. सवाष्णीच्या गळ्यातलं सोनं चिखलात जाणं म्हणजे केवढा अपशकुन! तात्या उठले. त्यांनी दोन सेलची बॅटरी घेतली, डोक्यावर इरलं घेतलं आणि रात्री भर पावसात वाटी शोधायला गेले. ओटीवर बसून आजी जप करत होती आणि दूर खाचरात एक पिवळा ठिपका हळूहळू हलत होता. ठिपकाच तो. प्रकाश म्हणण्याची त्याची लायकी नव्हती.

तात्या तीन रात्री गेले. तिन्ही रात्री वाटी सापडली नाही. खेकडे मात्र तिन्ही रात्री सापडले. आई मुकाट्याने त्यांचं कालवण करायची आणि आजी जप थांबवून जेवायची.

मी दहा वर्षांचा होतो. मला दिसत होतं की दोष सेलचा आहे. उन्हाळ्यात एस.टी.च्या थांब्यावर करवंदं विकून माझ्याजवळ थोडे पैसे साठले होते. म्हसाच्या जत्रेत शिट्टी आणि चष्मा घ्यायचा बेत होता. तो मी रद्द केला. पावसात वाण्याकडे गेलो आणि दोन कोरे करकरीत सेल आणून तात्यांच्या हातात ठेवले. ‘‘तात्या, हे घाला. लख्ख दिसेल.’’

तात्यांनी सेल हातात घेतले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘राहू देत. मागाहून लागतील.’’ आणि त्याच मेलेल्या सेलची बॅटरी घेऊन ते तिसऱ्या रात्री निघून गेले.

मी त्यांना ती गोष्ट कधी माफ केली नाही. तात्या १९९८ मध्ये गेले. चांगला माणूस, कष्टाळू माणूस, पण आईचं सोनं चिखलात असताना ज्याच्याने दोन सेल सुटले नाहीत असा माणूस. त्यांच्याविषयी माझ्या मनातल्या इतिहासात हे एक कलम पक्कं झालं होतं.

आता भाच्याकडे येतो. हा माझ्या ताईचा मुलगा. मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरीला. गेल्या मार्गशीर्षात मी गावी गेलो तेव्हा तो एक लांबट खोकं घेऊन हजर झाला. आत काठी, काठीच्या टोकाला ताटलीएवढं कडं, वरच्या टोकाला डबी. ‘‘मामा, मेटल डिटेक्टर. जमिनीत धातू असला की वाजतो. आपण नाणेघाटात जाऊ.’’

नाणेघाट म्हटल्यावर माझ्यातला निवृत्त मास्तर जागा झाला. आमच्या तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडून चढायचं आणि जुन्नरकडे निघायचं. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने जुन्नर, पैठणकडे जाई. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी अशा दक्षिणेची भली मोठी यादी आहे. ते आकडे आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या लिहिलेल्या आकड्यांपैकी मानतात. शेजारी दगडी रांजण आहे. त्यात जकात पडायची असं लोक सांगतात. भाच्याचा हिशेब सरळ होता. एवढी नाणी वर गेली, तर येता-जाता चार पडली नसतील का?

‘‘पडली असतील,’’ मी म्हटलं, ‘‘पण तिथे फावडं मारलंस तर तूही पडशील.’’ सरकारने जपलेल्या जुन्या वास्तूंच्या जागी परवानगीशिवाय खणायला १९५८ च्या कायद्याने बंदी आहे. आणि दुसरीकडे कुठे काही सापडलंच, तर १८७८ चा निखातनिधीचा कायदा उभा. त्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, नाहीतर वर्षभरापर्यंत कैद. दहा रुपये! १८७८ मध्ये दहा रुपयांचा दबदबा होता. आज तेवढ्यात नाक्यावर चहासुद्धा धड मिळत नाही, पण कायद्याने आपला शब्द बदललेला नाही.

मग त्याला मी जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. नाशिकजवळच्या या गावात १९०६ मध्ये चांदीची तेरा हजार दोनशे पन्नास नाणी एका ठिकाणी सापडली. क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलेला. शत्रूला हरवलं, पण त्याची चांदी टाकून दिली नाही, वर आपलं नाव उमटवलं आणि पुन्हा बाजारात फिरवली. तात्यांच्या सेलच्या धोरणाला एवढा जुना आधार असेल असं मला वाटलं नव्हतं. सांगायचा मुद्दा असा की ती नाणी विद्वानांच्या हाती आली म्हणून हा इतिहास कळला. चोरून वितळवली असती तर सोनाराला चांदी मिळाली असती, आणि आपल्याला सातकर्णी मिळाला नसता.

भाचा हिरमुसला. पण माझ्या मनात वेगळाच किडा वळवळू लागला होता. आमचं स्वतःचं खाचर. त्यात आईची वाटी. पंचावन्न वर्षं नांगरटीत खालीवर होत असेल, पण सोनं गंजत नाही, कुजत नाही. ‘‘चल,’’ मी म्हटलं, ‘‘आपलं घरचं गुप्तधन शोधू. आजीला सांगायचं नाही. सापडली की एकदम हातात ठेवू.’’

गुप्तधन शोधण्याची आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे पायाळू माणूस. जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचे हंडे दिसतात असा समज. या मशीनला सेल लागत नसत, पण त्याच्या नादाने फार भयंकर प्रकार झाले. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांना चाप लावण्याची तरतूद २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात करावी लागली. त्यापेक्षा भाच्याचं मशीन सात्त्विक. कड्यातल्या तारेतून वीज खेळते, भोवती चुंबकी लाटा उठतात, त्या जमिनीतल्या धातूला चाळवतात आणि धातूचं उत्तर आलं की मशीन बोलतं.

ही कल्पना टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलला फार आधी सुचली होती. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना वॉशिंग्टनच्या स्टेशनवर गोळ्या घातल्या. एक गोळी शरीरात अडकली. ती शोधायला बेल आपलं यंत्र घेऊन आला. यंत्र घुरघुरलं, पण नको तिथे घुरघुरलं. गादीखाली पोलादी तारा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांचा ठाम समज होता की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोध त्याच बाजूला. गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. यंत्र चांगलं होतं, शोधायची जागा चुकली होती. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यंत्राचं खरं चीज दुसऱ्या महायुद्धात झालं. कोसात्स्की नावाच्या एका पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून चालण्याजोगं सुरुंगशोधक यंत्र केलं आणि १९४२ मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात सैनिक ते पुढे धरून चालले. तिथे सेल केव्हा बदलायचे हा प्रश्न काटकसरीचा नव्हता. यंत्र गप्प आहे याचा अर्थ खाली सुरुंग नाही, की यंत्रच बहिरं झालं आहे? या दोन शांततांमधला फरक पुढच्या पावलाला कळणार.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही खाचरात उतरलो. भात कापून झालं होतं, जमीन कोरडी. पडवीत बसलेल्या आईने, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, विचारलं, ‘‘काय हरवलंय रे?’’ भाचा म्हणाला, ‘‘काही नाही आजी, मशीन बघतोय.’’

सुरुवातीला मशीन बरं वाजलं. एक खिळा, एक पत्र्याचं झाकण. मग हळूहळू गप्प झालं. दहा वाजेपर्यंत निम्मं खाचर झालं. भाचा दमला म्हणून मी मशीन घेतलं. चार पावलं जातो तोच स्पष्ट आवाज आला, टिंग टिंग टिंग! गोड, नाजूक, थेट सोन्यासारखा. मी ओरडलो. भाच्याने कुदळ आणली. आम्ही हातभर खणलं. काही नाही. पुन्हा कडं फिरवलं. पुन्हा टिंग टिंग. आणखी हातभर खणलं. भाचा माझ्याकडे विचित्र नजरेने बघू लागला. ‘‘मामा, मला तर काहीच ऐकू येत नाहीये.’’

तरुण माणसाला ऐकू येत नाही आणि मला येतंय, याचा मला क्षणभर अभिमान वाटला. मग त्याने माझ्या कानाकडे बोट दाखवलं. माझ्या कानात श्रवणयंत्र आहे. त्यात शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो. स्टिकर काढून हवा लागली की तो जागा होतो, आणि दमला की मरण्यापूर्वी कानातल्या कानात तीन वेळा टिंग करतो. आम्ही माझ्या कानातल्या सेलच्या मरणघंटेवर दोन हात खड्डा खणला होता.

मी सेल बदलला. मग भाच्याला शंका आली. त्याने जमिनीवर पाच रुपयांचं नाणं ठेवलं. ‘‘आणलं त्या दिवशी हे नाणं एक वीत उंचीवरून ऐकू येत होतं.’’ आता चार बोटांवरून हाक मारली तरी मशीन ढिम्म. चौकशी केल्यावर कळलं की त्यातल्या चार पेन्सिल सेलपैकी दोन नवे होते आणि दोन टीव्हीच्या रिमोटमधून काढलेले. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत. नव्यांची ताकद जुन्यांना ओढण्यात जाते आणि शेवटी चौघेही बसतात. एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता प्रश्न असा की मशीन बहिरं झालं केव्हापासून? आठ वाजता? साडेआठला? कोणत्या बांधापर्यंतची शांतता खरी आणि कुठून पुढची खोटी? सांगता येईना. सगळं खाचर पुन्हा पहिल्यापासून.

त्या संध्याकाळी ओटीवर बसून आम्ही नियम ठरवला. काही भारी मशिनं शेवटच्या घटकेपर्यंत एकाच जोमाने चालतात आणि पट्कन बंद पडतात. ती प्रामाणिक. पण स्वस्तातलं मशीन बंद पडत नाही, फक्त कमी कमी ऐकतं, आणि आपल्याला वाटतं की जमिनीतच काही नाही. म्हणून कोरे सेल घातले की एक नाणं किती उंचीवरून ऐकू येतं ते मोजून ठेवावं. दर तासाला तेच नाणं पुन्हा धरावं. अंतर घटायला लागलं की चारही सेल एकदम बदलावेत. मशीन मुकं होण्याची वाट बघू नये. छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण ‘पुरावा नाही’ आणि ‘मला ऐकू आलं नाही’ यांतला फरक मला एका पाचच्या नाण्याने शिकवला.

दुसऱ्या दिवशी चार कोरे सेल घालून उतरलो. आता मशीन पोपटासारखं बोलू लागलं. बैलाच्या खुराचा नाल मिळाला, विळ्याचं पातं मिळालं, फाळाचा तुकडा, वीस पैशांचं पितळी नाणं मिळालं. बांधाजवळ एक ओळखीचा, कुजलेला जस्ताचा डबा निघाला. जुना सेल! पाचव्या आश्रमाला गेलेला. मी तो खिशात घातला. पण वाटी नाही.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, सोन्याचा नमुना पाहिजे. तेवढीच वस्तू धरून बघू, मशीन काय म्हणतं ते.’’ आता तेवढीच वस्तू जगात एकच होती. तात्या गेल्यावर आईने मंगळसूत्र काढून उरलेली वाटी एका डबीत ठेवली होती. नाइलाजाने मी पडवीत जाऊन ती मागितली.

‘‘कशाला रे?’’

‘‘तुला एकदम आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तिची जोडीदारीण शोधतोय. खाचरात पडलेली.’’

आईने डबी उघडली, वाटी माझ्या तळहातावर ठेवली, आणि ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, ‘‘जोडीदारीण शोधायची तर ठाण्याला जावं लागेल.’’

मला वाटलं, माझ्या कानातला सेल पुन्हा गेला.

गोष्ट अशी होती. ताई त्या वर्षी मॅट्रिक झाली होती. तिला ठाण्याला राहून मास्तरणीचा कोर्स करायचा होता. आजीचं म्हणणं, पोरीच्या जातीला एवढं पुरे, स्थळ बघा. आजीच्या शब्दापुढे घरात कोणी बोलत नसे. फी भरायला पैसेही नव्हते. आईने विचार केला आणि ज्यांच्या नावाचं मंगळसूत्र, त्यांनाच विचारलं. तात्या ठाण्याला गेले, वाटी सोनाराकडे मोडली, फी भरून आले. घरात सांगितलं, एका ओळखीच्या मास्तरांनी शिष्यवृत्ती मिळवून दिली. फुकट शिक्षण म्हटल्यावर आजीचा विरोध निम्मा झाला. उरली गळ्यातली मोकळी जागा. तिच्यासाठी आवणीचा चिखल कामाला आला.

‘‘पण तात्या तीन रात्री भर पावसात...’’

‘‘सासूबाई ओटीवर बसून बघत होत्या ना! शोधायला नको गेलं तर कसं?’’

‘‘आणि मी आणलेले सेल?’’

‘‘नसलेली वस्तू शोधायला नवे सेल कशाला जाळायचे?’’ आई म्हणाली. ‘‘आणि लख्ख उजेड पडला असता तर सासूबाई स्वतः उतरल्या असत्या खाचरात. त्या काय ऐकणार होत्या! पण तू सेल आणलेस त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणाले, पोराने जत्रेचे पैसे घातले.’’

मी बराच वेळ काही बोललो नाही. गारफील्डच्या डॉक्टरांची मला आठवण झाली. पंचावन्न वर्षं मी उजव्या बाजूला शोधत होतो.

भाच्याने विचारलं, ‘‘आजी, मग त्या सेलचं काय झालं?’’

‘‘तुझ्या आईबरोबर गेले की! बॅटरी आणि ते दोन कोरे सेल त्यांनी तिच्या ट्रंकेत घातले. होस्टेलवर रात्री दिवे बंद करायचे. परीक्षेच्या वेळी पांघरुणात बॅटरी लावून वाचायची ती.’’

‘‘आणि पणजीला कधी कळलं नाही?’’

‘‘कोण जाणे. तुझ्या आईने पहिल्या पगारात म्हसाच्या जत्रेतून सासूबाईंना घोंगडी आणली. ती अंगावर घेऊन चाचपून बघितली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘सापडली गो वाटी.’ एवढंच. पुन्हा विषय नाही.’’

भाचा पडवीच्या पायरीवर बसला. ज्या वाटीवर त्याच्या आईची नोकरी, तिच्या नोकरीवर त्याचं शिक्षण आणि त्याच्या शिक्षणावर हे मशीन उभं, तीच वाटी शोधायला त्याने मशीन आणलं होतं. ते मशीन अजून चालूच होतं. माझ्या मुठीतल्या वाटीच्या जवळ आलं आणि स्वच्छ, खणखणीत वाजलं.

‘‘वाजतंय बघ,’’ आई म्हणाली. इतका वेळ तिने ते वाजताना ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी भाच्याने मशीन खोक्यात भरायला घेतलं. म्हणाला, ‘‘मामा, आता याचं करायचं काय?’’

‘‘काही करू नकोस. फक्त सेल काढून ठेव,’’ मी म्हटलं. ‘‘आत राहिले की फुटतात, आणि मशीन खातात.’’

त्याने चार सेल काढून माझ्या हातावर ठेवले. अजून कोरेच होते. मी ते खिशात घातले आणि रात्री आईच्या उशाशी ठेवलेल्या बॅटरीकडे पाहिलं. तिला मोठे सेल लागतात. हे बसणार नव्हते. पण मी ती लावून बघितली. प्रकाश पिवळा, मिणमिणता होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने मी मुरबाडला गेलो आणि दोन मोठे सेल घेऊन आलो.

या वेळी ते आईने लगेच घालून घेतले.